यलोस्टोन (अमेरिकेतलं राष्ट्रीय उद्यान): आजी-आजोबा आणि चार वर्षांचं पोर घेऊन गरम कुंडांमधून पायी फिरायचं आहे, कोणता ट्रेल?

भिरभिरं
जुलैचा दुसरा आठवडा, मुक्काम वेस्ट यलोस्टोन गावात, पार्कसाठी पूर्ण दोन दिवस. माणसं सहा: आम्ही दोघं, सासू-सासरे (६८ आणि ७२, सासूबाईंचा डावा गुडघा कुरकुरतो, सपाटीवर तीन मैल सहज, पायऱ्या नकोत), दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, जो हात सुटला की सुटलाच. "उतरा, फोटो काढा, बसा गाडीत" हा प्रकार नको आहे. एक तरी धड पायी फिरणं हवं. तीन नावं काढली आहेत:
१) ओल्ड फेथफुल (गायझर, म्हणजे थांबून थांबून उडणारा गरम पाण्याचा फवारा) ते मॉर्निंग ग्लोरी पूल (कुंड)
२) फेअरी फॉल्सच्या वाटेवरून ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत कुंडाचा ओव्हरलुक (वरून बघायची जागा)
३) लोन स्टार गायझर
यातलं कोणतं? गाडी एकच आहे.

कातळवेडा
पहिलं. डोळे मिटून.

ओल्ड फेथफुलपासून मॉर्निंग ग्लोरीपर्यंत साधारण दीड मैल, म्हणजे जाऊन-येऊन तीन. कॅसलवरून जाणारी मुख्य वाट डांबरी आणि जवळपास सपाट आहे, सासूबाईंना अडचण नाही. नदीपलीकडच्या गायझर हिलवर बोर्डवॉक (फळ्यांची वाट) आहे आणि थोडा चढ, ते ऐच्छिक ठेवा.

पण इथे मैल मोजून चालत नाही, घड्याळ मोजावं लागतं. कोणता गायझर कधी उडेल याचे अंदाज व्हिजिटर सेंटरमध्ये रोज लावलेले असतात: ओल्ड फेथफुल, कॅसल, ग्रँड, डेझी, रिव्हरसाइड. (ग्रेट फाउंटनचाही असतो, पण तो लोअर बेसिन या दुसऱ्या खोऱ्यात, तिथे गाडीने जावं लागतं.) ओल्ड फेथफुलचा अंदाज दहा मिनिटं पुढे-मागे. ग्रँडचा तास-दीड तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे बाकावर बूड टेकवून बसायची तयारी हवी. पार्कचं ॲप आदल्या रात्रीच उतरवून ठेवा, तिथे नेटवर्क असून नसल्यासारखं. पोचल्यावर आधी फळ्यावरच्या वेळांचा फोटो काढा आणि त्यावरून ठरवा की जाताना काय बघायचं, येताना काय.

रिव्हरसाइडची एक खूण: उडायच्या आधी तासभर, कधी दोन तास, त्याच्या काठावरून पाणी नदीत ओघळायला लागतं. ओघळ दिसला तर हलू नका. नदीवरून तिरकी कमान जाते, जवळजवळ वीस मिनिटं चालतं, आणि समोर बसायला बाक आहेत. आजी-आजोबांसाठी सगळ्या बेसिनमधली सर्वांत सुखाची जागा तीच.

फोडणीचं_वरण
गीझर बघायला एवढ्या लांब? आमच्याकडे बाथरूममध्ये आहे, १५ लिटरचा, अंदाज अचूक: पाहुणे आले की बंद पडतो.

शब्दखुळा
@फोडणीचं_वरण, शब्द एकच आहे बरं का. आइसलँडमधल्या 'गेसिर' नावाच्या एका फवाऱ्यावरून इंग्रजीत आला आणि तिथून आपल्या न्हाणीघरात. धागाकर्तीने 'गायझर' लिहिलं ते बरं केलं, नाहीतर अर्धे प्रतिसाद थर्मोस्टॅटवर आले असते.

रानवाटा
कातळवेडांशी अर्धा सहमत. अप्पर बेसिन (ओल्ड फेथफुलचं खोरं) बघायलाच हवं, पण त्याला 'फिरणं' म्हणायचं तर लक्ष्मी रोडवर दसऱ्याच्या आदल्या दिवशी फिरतात तेही ट्रेकिंगच.

लोन स्टारचा विचार करा. केप्लर कॅस्केड्सच्या पार्किंगपासून एका बाजूने २.४ मैल. जुना गाडीरस्ता आहे, फायरहोल नदीला चिकटून, झाडांच्या सावलीतून, चढ नाहीच म्हणा. सायकलही चालते. शेवटी मोकळ्या पटांगणात बारा फूट उंचीचा राखाडी-पांढरा शंकू एकटाच उभा, तोच लोन स्टार. साधारण दर तीन तासांनी उडतो, पाणी ४५ फुटांपर्यंत. आधी छोटा उद्रेक होतो, काही मिनिटांचा. पुष्कळ लोक तो बघून टाळ्या वाजवून परत फिरतात. फिरू नका. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास खरा उद्रेक येतो, आणि शेवटची वाफ धरून तो जवळपास अर्धा तास चालतो.

याचा अंदाज व्हिजिटर सेंटरच्या फळ्यावर मिळत नाही. तिथे एका पेटीत वही असते, बघणारे लोक वेळा लिहून ठेवतात. शेवटची मोठ्या उद्रेकाची वेळ बघा, त्यात तीन तास मिळवा. वाटेत परतणारे भेटले तर सरळ विचारा, "उडाला का, किती वाजता?" तेवढ्यावर चालण्याचा वेग ठरवता येतो.

डास मात्र जुलैत भरपूर. आणि वाटेवर संडास नाही, ओल्ड फेथफुललाच आटोपून निघा.

मोगरी
@रानवाटा, वाट छान आहे, मान्य. पण लोन स्टारपाशी बोर्डवॉक नाही, कठडा नाही. आणि धागाकर्तीने स्वतःच लिहिलंय, "हात सुटला की सुटलाच". अडीच मैल चालून कंटाळलेलं चार वर्षांचं पोर आणि मोकळं पांढरं पटांगण, हे गणित मला पटत नाही. मोठ्या मुलीला न्या, धाकट्याला नको.

कातळवेडा
मोगरींना जोरदार अनुमोदन. कारण नीट सांगतो, कारण "रेंजर ओरडतात म्हणून" हे कारण मुलांना पटत नाही आणि मोठ्यांनाही.

खालचा खडक ऱ्हायोलाइट (ज्वालामुखीचा), त्यात सिलिका (वाळू-काचेतलं द्रव्य) भरपूर. गरम पाणी वर येताना ती विरघळवून आणतं आणि काठाशी निवलं की थर सोडतं. तो थर म्हणजे ती पांढरी जमीन. वरून फरशी वाटते, प्रत्यक्षात दुधावरची साय. कुठे हातभर जाड, कुठे बोटभर, खाली उकळतं पाणी. कुठे जाड आणि कुठे पातळ हे वरून कळत नाही, आणि काल पेललं म्हणून आज पेलेल असंही नाही. हा भाग साडेसात हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे पाणी ९३ अंश सेल्सिअसलाच उकळतं. त्याने कुणाला सवलत मिळत नाही. पार्कच्या इतिहासात भाजून वीसच्या वर माणसं गेली आहेत. २०१६ मध्ये नॉरिस बेसिनला बोर्डवॉक सोडून आत गेलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला.

पाय आत गेलाच तर: बूट आणि मोजा ताबडतोब काढा. जास्त घात मोजा करतो, गरम पाणी कातडीला धरून ठेवतो. कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, त्याच्या कडेने कापा. मग गार (बर्फाचं नव्हे) पिण्याचं पाणी ओतत राहा, जमलं तर वीस मिनिटं. हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. आणि ९११ ला (तिथला आणीबाणीचा नंबर) फोन.

आणि बोर्डवॉकवरही चार वर्षांच्या मुलाला मधल्या बाजूला, मोठ्या माणसाच्या हातात. हात म्हणजे मनगट धरायचं, बोटं नाही. घामेजलेली बोटं सुटतात.

ताकभात
मनगटाला बांधायचा तो पट्टा मिळतो, तो चालेल का? आजी म्हणतील पोराला दावं लावलं, ते सोडा.

मोगरी
चालेल, फक्त दोर चार फुटांहून लांब नको. बोर्डवॉक काही ठिकाणी जेमतेम दोन माणसांचा आहे. लांब दोराने पोर कडेच्या पलीकडे पोचतंच, वर समोरून येणारे अडखळतात.

बाबागाडी मॉर्निंग ग्लोरीच्या डांबरी वाटेवर बिनधास्त. ओव्हरलुकला खडी आणि चढ आहे, मोठ्या चाकांची असेल तर ढकलता येते, पण त्यापेक्षा पाठीवरचं कॅरियर. लोन स्टारला नेलंच तर कॅरियरमध्येच, आणि तिथे पोचल्यावरही खाली उतरवायचं नाही. चार वर्षांचं पोर १६-१७ किलो भरतं, आधी घरी तासभर पाठीवर घेऊन बघा.

गंधकगुरू
वासाबद्दल कुणीच बोललं नाही. सडक्या अंड्याचा म्हणतात. आपल्याला तो काळ्या मिठाचा वाटतो, आणि ते खरंच आहे, दोन्हींत हायड्रोजन सल्फाइड. पोरांना "जलजिऱ्याचा डोंगर" सांगितलं की नाकं मुरडणं बंद होतं. नॉरिसला वास चांगलाच उग्र. दम्याचा त्रास असेल तर वाफेच्या लोटात थांबू नका, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहा. चांदीचे पैंजण, जोडवी काळवंडू शकतात, हॉटेलवर ठेवा.

सप्तरंगी
दुसऱ्या पर्यायाबद्दल.

फेअरी फॉल्सच्या पार्किंगपासून ओव्हरलुक एका बाजूने ०.६ मैल, चढ १०५ फूट. पायऱ्या नाहीत, तिरका चढ आहे. सासूबाईंना काठी घेऊन दोनदा थांबत जमायला हवं. गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो, तेव्हा काठी थोडी लांब करून घ्या. ही वाट २०१७ साली रीतसर बांधली. त्याआधी लोक डोंगरावरून वाट्टेल तिथून चढायचे आणि उतार पार खरवडून निघाला होता.

सकाळी आठला जाऊ नका! थंड हवेत वाफ इतकी दाटते की ११० मीटर रुंदीचं कुंड असून फक्त ढग दिसतो. ऊन चढून हवा तापली की वाफ विरळ होते. पण दहानंतर पार्किंग मिळत नाही. म्हणून चारनंतर जावं, गर्दी ओसरू लागते आणि जुलैत उजेड रात्री नऊपर्यंत असतो. दुपारच्या वळिवाची वेळही तीच, गडगडाट ऐकू आला तर गाडीत.

रंगांचं कोडं दहा वर्षांच्या मुलीला घालण्यासारखं आहे. मधला निळा भाग इतका गरम (८७ अंशांच्या आसपास) की तिथे हे रंगीत जीव तगत नाहीत, तो निव्वळ स्वच्छ खोल पाण्याचा निळा. कडेला पाणी निवत जातं तसे वेगवेगळे सूक्ष्मजीव: सत्तरीच्या पुढे पिवळे, पासष्टच्या आसपास केशरी, पंचावन्नला तपकिरी. म्हणजे वरून दिसतो तो तापमानाचा नकाशाच. कोविडची आरटी-पीसीआर आठवते? त्या तंत्रामागचा एन्झाइम मुळात याच परिसरातल्या जिवाणूतला. १९६६ मध्ये लोअर गायझर बेसिनच्या एका कुंडातून थॉमस ब्रॉक यांनी तो जिवाणू मिळवला. सत्तर अंशांच्या आसपास वाढणारा जीव, म्हणून त्याचा एन्झाइमही पीसीआरच्या तापवण्यात टिकतो.

उंटावरचा_शहाणा
अवांतर: आपल्याकडे एवढा बेसाल्ट, सगळा सह्याद्री ज्वालामुखीचा, मग गायझर एकही नाही? वज्रेश्वरीला नुसतं कोमट कुंड?

कातळवेडा
अवांतर आहे पण प्रश्न चांगला. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच गार झाला. कोकणातल्या झऱ्यांचं पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. उन्हवऱ्याचं सत्तरीच्या घरात जातं, बरेचसे त्याहून कमी. यलोस्टोनखाली मॅग्मा अजून आहे.

शिवाय नुसती उष्णता पुरत नाही, नळकांडं लागतं. भोवतालच्या सिलिकेने आतून लिंपलेलं, दाब सोसणारं आणि वर कुठेतरी चिंचोळं. तळाचं पाणी वरच्या पाण्याच्या वजनाखाली उकळबिंदूच्या पुढे तापतं, पण उकळू शकत नाही. बुडबुडे थोडं पाणी वर सांडवतात, वजन कमी होतं, दाब उतरतो आणि खालचं सगळं एकदम वाफ होतं. प्रेशर कुकरचं झाकण शिट्टीऐवजी उडालं तर काय होईल, तसं.

शब्दखुळा
अवांतरात अवांतर: उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे (राजापूरजवळचं), उनपदेव. सगळ्यांत 'ऊन' म्हणजे गरम. 'ऊन ऊन भात' मधलं. गावाच्या नावातच तापमान लिहून ठेवलंय.

फोडणीचं_वरण
भातावरून आठवलं. मणिकरणला फडक्यात तांदूळ बांधून कुंडात सोडतात, दहा-पंधरा मिनिटांनी भात तयार. यलोस्टोनला पुरचुंडी नेली तर?

मोगरी
कोर्टात नेतील. २०२० मध्ये शोशोनी गायझर बेसिनमध्ये काही जणांनी पोत्यात कोंबड्या घालून झऱ्यात शिजवायला ठेवल्या होत्या. दंड झाला आणि वर पार्कमध्ये यायला दोन वर्षं बंदी.

नाणी टाकण्याचंही तेच. आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, कुंड दिसलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो. मॉर्निंग ग्लोरी पूर्वी निळंशार होतं. लोकांनी टाकलेल्या वस्तूंनी तोंड बुजत गेलं, गरम पाण्याचा ओघ कमी झाला, काठ निवले आणि पिवळे-केशरी जीव आत सरकले. १९५० मध्ये त्यातून उद्रेक घडवून साफसफाई केली, तर नाण्यांबरोबर रुमाल आणि मोजेसुद्धा निघाले.

अस्वलमामा
बेअर स्प्रेचं (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) कुणी काढलं नाही. अप्पर बेसिनच्या गर्दीत त्याची गरज पडत नाही, पण लोन स्टार किंवा फेअरी फॉल्सला हवाच.

विमानात नेता येत नाही, केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तिथे पोचून घ्या. 'बेअर' लिहिलेलाच घ्या, माणसांसाठीचा पेपर स्प्रे लहान असतो. डबा निदान २२५ ग्रॅमचा. कमरेच्या पट्ट्याला लावा, सॅकच्या तळाशी डब्यांखाली नाही, वेळ आली की हाताशी दोन-तीन सेकंद असतात. आधी सुरक्षेचा खटका अंगठ्याने मागे ओढून काढायचा, हे चालायला लागण्याआधी दोन्ही मोठ्यांनी करून बघायचं (फवारा न सोडता!). अस्वल धावून येत असेल तर ते साठेक फुटांवर असताना, किंचित खाली रोखून. म्हणजे त्याला ढगातून यावं लागतं. उन्हात बंद गाडीत ठेवू नका, फुटतो. मुलांच्या हाताला लागेल असा तर अजिबात नको.

अंतरं: अस्वल-लांडगे १०० यार्ड, गवे (बायसन) आणि एल्क (मोठी हरणं) २५ यार्ड. २५ यार्ड म्हणजे दोन एसटी एकामागे एक उभ्या. गवा बोर्डवॉकवर येऊन बसला तर वाट त्याची. मागे फिरा किंवा थांबा.

आणि वळणावळणावर आवाज करत चाला, अस्वल दचकायला नको. मराठी कुटुंबाला हे वेगळं सांगायची गरज नसावी.

ताकभात
😄 शेवटच्या वाक्याला +१. आमच्यात तर पलीकडच्या डोंगरातलं अस्वलही निघून जाईल.

सोनकी
बारीकसारीक, पण यातच दिवस बिघडतो:

टोपी हनुवटीखाली दोरी असलेलीच. वारा वाफेच्या बाजूने येतो आणि टोपी पांढऱ्या जमिनीवर पडली की ती गेली. दोन पावलांवर दिसत असली तरी गेली. रेंजरला सांगा, ते लांब चिमट्याने काढतात. ओढणी आणि साडीचा पदर खोचलेला.

काठीच्या टोकाला रबरी बूच हवंच. उघडं लोखंडी टोक फळ्यांच्या फटीत अडकतं आणि म्हातारं माणूस पुढे झुकतं.

चष्मा आणि कॅमेऱ्यावर तुषार उडाले तर सुकू देऊ नका. पाण्यात सिलिका आहे, वाळली की पांढरे ठिपके राहतात आणि काचेवरून जात नाहीत. लगेच साधं पाणी ओतून मऊ फडक्याने टिपा, घासू नका.

उंची कळसूबाईपेक्षा सहाशे मीटर जास्त. पहिल्या दिवशी आजोबांना दम लागला तर घाबरू नका, पण पाणी आठवणीने प्या, माणशी निदान दीड लिटर. जुलैतही पहाटे स्वेटर लागतो.

खाऊची सॅक बाकावर ठेवून गायझर बघायला पुढे जाऊ नका. इथले डोमकावळे चेन उघडतात. दशम्या त्यांना आवडतात असं मानून चला.

भिरभिरं
बाप रे, केवढं! सगळ्यांना धन्यवाद, वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न तिथेच आहे: एक गाडी, दोन दिवस, सहा माणसं. सगळ्यांनी सगळं बघायचं नाही हे पटलं. मग कसं बसवू? आणि नॉरिस राहिलंच की, शिवाय बिस्किट बेसिनही वाटेत दिसतंय नकाशावर.

रानवाटा
मोगरींचा मुद्दा मान्य करून असं:

दिवस पहिला: गाव सकाळी साडेसहाला सोडा, ओल्ड फेथफुल ३० मैल, तासभर धरा. आजी-आजोबा, धाकटा आणि तुम्ही तिथेच उतरा. बाबा आणि मुलगी गाडी घेऊन केप्लर कॅस्केड्सला, अडीच मैल पुढे. साडेआठला चालायला लागले तर साडेनऊला लोन स्टार. तीन तासांचं चक्र, म्हणजे नशीब फुटकं असलं तरी साडेबाराच्या सुमारास उडायला हवा. दीड-दोनपर्यंत परत. दोघंच आहेत, शक्यतो तीन किंवा अधिक माणसांचा गट हवा, तेव्हा पार्किंगमध्ये दुसरं कुटुंब दिसलं की त्यांच्याबरोबर चाला. तोवर तुम्ही ओल्ड फेथफुल दोनदा बघाल. मधल्या वेळेत १९०४ चं ते लाकडी हॉटेल आतून बघा, आजोबांना हलवावं लागेल. दुपारी जेवण करून सगळे मिळून मॉर्निंग ग्लोरी, त्या दिवशीच्या वेळा बघून.

सप्तरंगी
दिवस दुसरा माझा. सकाळी फाउंटन पेंट पॉट, अर्ध्या मैलाची फेरी. खदखदणारा चिखल आहे तिथे, धाकट्याला गायझरपेक्षा तोच आवडेल, पैज. उन्हाळ्याच्या सुरुवातीला चिखल पातळ असतो आणि ऑगस्टकडे पिठल्यासारखा घट्ट होतो, जुलैत मधला. मग नॉरिस, पण फक्त पोर्सलिन बेसिनची पाऊण मैलाची फेरी, तीही आजींचा गुडघा विचारून, पायऱ्या लागतात. नाहीतर वरच्या कट्ट्यावरूनच बघा. चारनंतर ओव्हरलुक.

बिस्किट बेसिनला २३ जुलै २०२४ ला वाफेचा स्फोट झाला, बोर्डवॉकच्या फळ्या उडाल्या आणि दगड माणसांच्या दिशेने आले. चालू-बंद पार्कच्या साइटवर बघून मगच गाडी वळवा.

कातळवेडा
बेत चांगला आहे. एकच भर: मुलीला स्टॉपवॉच द्या. ओल्ड फेथफुलचा उद्रेक अडीच मिनिटांच्या आत संपला तर पुढचा साधारण ६५ मिनिटांनी, त्याहून लांबला तर दीड तासाने. पाण्याचा खांब उभा राहिला की मोजायला सुरुवात, आधीच्या पिचकाऱ्या धरायच्या नाहीत. फळ्यावर वेळ लागायच्या आत तिचा अंदाज तयार असेल.

भिरभिरं
ठरलं. बाबा-मुलगी लोन स्टार, बाकीचे हॉटेलच्या सज्जात. ती आत्ताच विचारतेय, त्या पेटीतल्या वहीत मराठीत लिहिलं तर चालेल का?

रानवाटा
नाव मराठीत लिहा हवं तर, वेळ मात्र इंग्रजी आकड्यांत आणि चोवीस तासांच्या घड्याळाने, पुढच्याला वाचता आली पाहिजे. छोटा उद्रेक की मोठा तेही लिहायचं. आणि पोचलात तेव्हा आधीच उडत असेल तर वेळेपुढे 'आय-ई' ही इंग्रजी अक्षरं, म्हणजे सुरुवात पाहिलेली नाही. पेन घरून न्या, पेटीतलं कधी चालतं, कधी नाही.